अडवलेली घोडी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना माणसं ओळखता यायची, असं अख्खं मंचर म्हणतं. मी त्यांच्या समोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, माझा लॉज चालवण्यात अर्धं आयुष्य घालवलं आहे. तेव्हा माझंही ऐका. त्यांना माणसं नाही, सामान ओळखता यायचं.

आमच्या धंद्यात एक पाहुणा ठरलेला असतो. चार दिवस राहतो, जेवतो, गरम पाणी मागतो, आणि निघायच्या वेळी खिशात हात घालून छताकडे बघायला लागतो. अशा वेळी लॉजवाला त्याचं सामान ठेवून घेतो. पैसे आण, सामान ने. ही रीत आमच्या सासऱ्यांनी लॉज काढला त्याच्याही आधीपासूनची. वाटणीत जुना लॉज थोरल्यांकडे गेला आणि समोरची जागा आम्हाला आली. त्या जागेवर आम्ही नवा लॉज बांधला. रीत मात्र दोन्हीकडे तीच राहिली. फरक एवढाच, की मी ठेवून घ्यायचे ते किमतीचं. आक्का (त्यांना लहानथोर सगळे आक्काच म्हणायचे) भलतंच काहीतरी ठेवून घ्यायच्या.

एकदा बियाणं कंपनीचा एक माणूस अडकला. त्याच्याकडे लॅपटॉप होता, बोटात अंगठी होती. आक्कांनी दोन्हीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या पिशवीतून स्टीलचा एक जुना डबा डोकावत होता, झाकणावर बाईमाणसाचं नाव कोरलेला.

"पावणं, तुमचं थोडं उरलंय. ह्यो डबा ठिऊन जा," त्या म्हणाल्या.

बिल थकलं, बाकी राहिली, असे शब्द त्यांच्या तोंडात कधी यायचे नाहीत. 'उरलंय' म्हणायच्या, पानात भात उरावा तसं. तो माणूस स्वस्तात सुटलो म्हणून हसत गेला आणि आठवडा व्हायच्या आत परत आला. "आई रोज विचारती डबा कुठाय," म्हणाला. पैसे दिले, डबा नेला, वर आक्कांच्या पाया पडला.

त्याच सुमारास मी एकाचा लॅपटॉप ठेवून घेतला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे. चालू होत नाही. माझ्याकडे यायच्या आधीपासूनच होत नव्हता, हे मला नंतर कळलं.

मी एकदा आक्कांना विचारलं, तुम्हाला हे कळतं कसं. त्या फुटाणे खात होत्या. "म्हागाची वस्तू घेतली की मानूस हिशेब करतो, आन सोडून देतो. आवडीची घेतली की त्याला झोप लागत न्हाई," त्या म्हणाल्या. हे ऐकून मीही पाहुण्यांच्या आवडीची वस्तू शोधायचा प्रयत्न केला. एकाची देवाची तसबीर ठेवून घेतली. त्यानं बाहेर जाऊन दुसरी विकत घेतली असणार. परत काही आला नाही.

लग्नाचे फोटो काढणारा एक जण त्यांच्याकडे उतरला होता. ठरलेलं लग्न मोडलं आणि त्याला ठरलेले पैसे मिळाले नाहीत. त्यानं स्वतःच कॅमेरा पुढे केला. आक्कांनी हात मागे घेतला. "ह्यो ठिवला तर तुमी कमवणार कशानं," म्हणाल्या, आणि त्याची उशी ठेवून घेतली. तो घरची उशी बरोबर घेऊन हिंडायचा. ती उशी त्यांनी धुतलेल्या कापडात गुंडाळून जिन्याखालच्या फळीवर ठेवली, दाराकडे तोंड करून. ठेवलेली प्रत्येक वस्तू त्या दाराकडे तोंड करूनच ठेवायच्या. उशीला तोंड कुठलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला म्हाईत असंल."

चपला, चष्मा, औषधं आणि ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार, यातलं काही त्या कधी ठेवून घेत नसत. आणि माणसाला तर कधीच अडवत नसत. "अडवायचं ते सामान. मानसाला दार उघडं." एका पाहुण्यानं पोलिसात तक्रार केली, की बाईनं मला लॉजवर अडवून ठेवलं. हवालदार आला. आक्कांनी उघडं दार दाखवलं, फळीवरची पिशवी दाखवली आणि चहा ठेवला. हवालदार चहा पिऊन गेला. पुढे माझ्याकडेही तोच हवालदार आला, कारण माझ्या मॅनेजरनं एका पाहुण्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. मला चहा विचारायची संधीसुद्धा मिळाली नाही. चौकीवर जाऊन हात जोडावे लागले.

आता सांगा, हेवा वाटणार नाही तर काय होणार. माझ्या लॉजला एसी आहे, कॅमेरे आहेत, आधार कार्डाची झेरॉक्स आणि आगाऊ पैसे घेतल्याशिवाय मी किल्ली देत नाही. बी.कॉम. केलंय मी, जुन्नरच्या कॉलेजात. आक्का चौथी शिकलेल्या. थोरले दीर वारल्यावर त्यांचं मोठं घड्याळ त्या वापरायला लागल्या. मनगटावर ते सैल व्हायचं, म्हणून दंडावर बांधायच्या. वेळ बघायची तर पदर सारून दंड डोळ्यांजवळ न्यायच्या. आलेला पाहुणा ते बघून हसायचा आणि तिथंच राहायचा. कांद्याबटाट्याचे व्यापारी बाजार समितीतून माझ्या दारावरून पुढे जायचे, रस्ता ओलांडायचे. मंचरचा रस्ता ओलांडणं काय असतं ते इथल्या माणसाला विचारा. ट्रक, टेम्पो, एसटी, जीव मुठीत धरावा लागतो. तरी ओलांडायचे.

आमचे हे पण ओलांडायचे. रोज सकाळी. घरचा चहा पिऊन पुन्हा वहिनीच्या हातचा चहा. मी एकदा तो पिऊन बघितला. काळाकुट्ट, उकळून उकळून कडू झालेला, वर गुळाचा. ह्यांना म्हटलं, यात काय आहे एवढं. हे म्हणाले, "चहात काय न्हाय गं. तिथं बसलं की बरं वाटतं."

त्यापेक्षा चहा चांगला असता तर मला परवडलं असतं.

आक्का आता नाहीत. चाकणला लेकीकडे गेल्या होत्या, तिथंच गेल्या. त्यांच्या लॉजच्या जागी खाली मोबाईलचं दुकान आहे आणि वरचा मजला बंद आहे. त्यांचं नाव निघालं की लोक डब्याची आणि उशीची गोष्ट सांगतात. घोडीची गोष्ट सांगतात तेव्हा मात्र त्यात आक्कांच्या बरोबर माझं नाव येतं, आणि माझं नाव चांगल्या अर्थानं येतं. लोकांना त्यातलं निम्मंच माहीत आहे.

बंदी उठून बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या. चैत्रात आमच्याकडे गावोगावच्या यात्रा लागतात, आणि यात्रा म्हटली की घाट आलाच. शर्यतीच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. गाड्याला बैल जुंपतात आणि पुढे एक घोडी पळते, वर माणूस बसलेला. घोडी चांगली असेल तर बैल तिच्या मागे वाऱ्यासारखे येतात. अशा घोड्या भाड्यानं देणारे लोक असतात. त्यातला एक फलटणकडचा माणूस हंगामात इकडे आला. काटक, बोलायला मऊ. घोडी हातात धरून तो आधी माझ्याच दारात आला.

मी अंगणात नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. घोडी पाय वाजवत फाटकात उभी राहिली. तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा. माझ्याकडे बघून तिनं फुरफुर केलं.

"बाई, खोली पायजे. हिला मागं कुठं बांधली तरी चालंल," तो म्हणाला.

"इथं जनावर चालत नाही," मी म्हणाले. "समोर विचारा."

समोर विचारा. हे मीच म्हणाले.

आक्कांनी त्याला खोली दिली आणि मागच्या रिकाम्या कांदाचाळीत घोडी बांधून घेतली. तो सकाळी घोडी घेऊन कुठल्या ना कुठल्या गावच्या यात्रेला जायचा, दिवस मावळता यायचा. मग एका बारीत, म्हणजे शर्यतीच्या एका फेरीत, घोडीवरून पडला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून तो त्या खोलीत पडून राहिला. आक्का त्याला जेवण द्यायच्या, घोडीला वैरण द्यायच्या. त्याचा हात बरा होईपर्यंत हंगाम संपला, आणि त्याचं बरंच उरलं.

तो जायला निघाला त्या सकाळी मी समोरच होते. लोक जमले होते. आक्का कुठली वस्तू मागतात, हे बघायला लोक नेहमीच जमायचे. त्याच्याकडे एक पिशवी आणि घोडी, एवढंच. घोडी म्हणजे त्याच्या पोटाचं हत्यार, म्हणजे आक्का ती मागणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यानं स्वतःच दोर आक्कांच्या हातात दिला.

"आक्का, हिलाच ठिवा. डाक्टर म्हणतो औंदा घोडीवर बसू नको. घरी नेली तर इकावी लागंल. तुमच्याकडं असली तर मला घोर न्हाई."

आक्का दोर धरून उभ्या राहिल्या. पाहुण्यानं वस्तू निवडायची, असं आजवर झालं नव्हतं.

"ठिवते," शेवटी म्हणाल्या. "बसणार न्हाई, कुनाला बसू देणार न्हाई. पळवणार न्हाई. ठिवायचा हक्क हाय, वापरायचा न्हाई. खायला मात्र घालीन."

तो माणूस एसटीत बसून गेला.

पुढचे काही महिने काय झालं ते मी माझ्या काउंटरवर बसून रोज बघितलं. आक्का काउंटर सोडून घोडीपाशी बसायला लागल्या. स्टूल मागे नेलं. कडबा आणला, हरभरा आणला, तिला धुतलं, ब्रशनं घासलं. तिच्याशी बोलायच्या. "ये बाय, पानी पी. आज लई गरम हुतंय का?" पाहुणा आला तर मागे येऊन किल्ली मागायचा. आणि पाहुणे वाढले. नाशिककडे जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. पोरंबाळं घेऊन लोक उतरायचे, घोडीबरोबर फोटो काढायचे, चहा प्यायचे, उशीर झाला म्हणून मुक्काम करायचे. घोडी एका जागी उभी राहून जेवढं कमावून देत होती तेवढं माझ्या एसीनं कधी दिलं नाही. तरी कुणाला पाठीवर बसू देणं नाही. राजुरीचा एक गाडामालक येऊन चांगलं भाडं देत होता. आक्का म्हणाल्या, "माझी असती तर दिली असती."

आमचे हे आता दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायला लागले. एकदा चहाला आणि एकदा पिशवी घेऊन. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी गजरा आणला नाही. घोडीला रोज गाजरं.

मीही एकदा गेले. हे गावाला गेले होते, आक्का आंघोळीला. हातात गुळाचा खडा घेऊन मी कांदाचाळीत शिरले. घोडीनं कान मागे टाकले आणि माझ्याकडे पाठ केली. मी तिच्या तोंडाच्या बाजूला गेले, तिनं पुन्हा पाठ केली. गूळ मी गव्हाणीच्या कडेवर ठेवला आणि परत आले. दुपारी आक्का म्हणाल्या, "धाकटे, गूळ तू ठिवला व्हतास का गं? मुंग्या झाल्या."

माझा चुलतभाऊ घोडेगावच्या कोर्टात वकील आहे. मी सरळ त्याच्याकडे गेले. मला वाटत होतं, कुठेतरी काहीतरी नियमाबाहेर असणारच. लॉजवर कुणी घोडी अडवून ठेवतं का.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "लॉजवाल्याला पाहुण्याचं सामान बिलापोटी अडवता येतं. जुनी रीत आहे, कोर्टं मानतात," तो म्हणाला. "पण अडवायचं म्हणजे नुसतं ताब्यात ठेवायचं. वापरायचं नाही, आपल्या मनानं विकायचं नाही, खराब होऊ द्यायचं नाही. जनावर असेल तर उपाशी ठेवायचं नाही. तुझी जाऊ अगदी बरोबर वागतेय."

"आणि वैरणीचा खर्च?"

"तो मिळेल याची मी खात्री देणार नाही. कायदा तिच्या बाजूला आहे, तोटाही तिच्याच बाजूला आहे."

"घोडी दुसऱ्याच कुणाची निघाली तर?"

"पाहुण्यानं आणली, हिनं सरळ मनानं ठेवून घेतली. तरी अडवता येईल असं म्हणतात." मग तो हसला. "एक आहे. बिलाचे पैसे कुणीही समोर ठेवले, की हक्क संपला. त्याच घडीला सोडावी लागते. पण तुला गं काय करायचंय?"

काही नाही, म्हणाले मी, आणि परत आले.

घोडीवाला आला नाही. त्याची बायको आली. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. तिशीची बाई, खांद्यावर पोतं, त्यात घोडीचा साज. पिंपरी पेंढारची माहेरवाशीण. नवरा ऊसतोडणीच्या मशीनवर ड्रायव्हर म्हणून कर्नाटकात गेला होता आणि तिकडून पैसेही येत नव्हते, निरोपही येत नव्हता. म्हणून ती माहेरी येऊन राहिली होती.

"घोडी माझ्या बापानं मला दिल्याली हाय," ती आक्कांना म्हणाली. "हाड मोडल्यालं घिऊन सासुरवाडीला कसं जायाचं म्हनून त्ये तुमच्याकडं पडून ऱ्हायले. मला कळवलंबी न्हाई. माझा भाऊ घोडीवर बसतो. औंदाच्या यात्रांत पळवू आन तुमचं सगळं फेडू. घोडी द्या, आक्का."

हे काही वावगं मागणं नव्हतं. कॅमेरा न घेणाऱ्या आक्कांनी या बाईला दुसऱ्यांदा मागायला लावलं नसतं. आमचे हे पण तिथं होते, दोन पाहुणे होते, मी रस्ता ओलांडून आले होते. सगळे आक्का दोर सोडतील म्हणून थांबले.

आक्का स्टुलावरून उठल्या नाहीत.

"ज्यानं आणली त्याच्या हातात दीन," म्हणाल्या.

"त्ये यायचे न्हाईत, आक्का."

"मग बिल भर आन घिऊन जा."

बिल हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. हे माझ्याकडे बघायला लागले. त्या बाईनं घोडीकडे बघितलं, घोडीनं तिच्याकडे. ती पुढे व्हायला लागली तशा आक्का मध्ये आल्या. हळूच, स्टूल सरकवल्यासारखं करून. पण मध्ये आल्या. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. रोज सकाळी हे रस्ता ओलांडून जायचे तेव्हा माझ्या काउंटरच्या काचेत मला तोच दिसायचा.

ती बाई बाहेर पायरीवर बसली. मग पाणी मागायला माझ्याकडे आली. मी पाणी दिलं. ती पाणी पीत होती तेवढ्यात माझं ठरलं. मला तिची दया आली, असं लोक सांगतात. आली असेलही. पण माझ्या मनात त्या क्षणी एकच चित्र होतं, रिकामी कांदाचाळ.

ड्रॉवरमधून पैसे काढले आणि तिला म्हणाले, "चल."

आक्कांच्या काउंटरवर मी पैसे ठेवले. त्या मागून आल्या.

"धाकटे, तू?"

"मी."

"का गं?"

"बाईमाणसाची अडचण आहे, आक्का. पैसे भरले की सोडावी लागते. मी वकिलाला विचारलंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सामान ओळखता यायचं असं मी म्हणते खरं, पण त्या दिवशी त्यांनी मला पुरतं ओळखलं.  पैसे मोजले नाहीत, तसेच काउंटरवरच्या रेडिओखाली सारले आणि मागे गेल्या.

संध्याकाळी त्या बाईचा भाऊ पिकअप घेऊन आला. फळी लावली. घोडी चढेना. भावानं ओढलं, बाईनं चुचकारलं, ह्यांनी गाजर दाखवलं. घोडी चारी पाय रोवून उभी. शेवटी सगळे आक्कांकडे बघायला लागले. आक्कांनी साडीचा ओचा खोचला, दोर हातात घेतला आणि स्वतः फळीवरून वर चढल्या. "ये बाय," म्हणाल्या. घोडी त्यांच्या मागून चढून गेली. मग आक्का गाडीच्या कडेनं एकट्या खाली उतरल्या. खाली येऊन त्या बाईला सांगायला लागल्या, हरभऱ्यावर लगेच पाणी पाजू नको, टेम्पोच्या हॉर्नला भिते, मागच्या डाव्या पायाला हात लावायचा तर आधी बोलायचं. बाई मान हलवत होती. गाडी गेली. आक्का रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात दोर नव्हता, तरी मूठ मिटलेली होती.

माझं नाव झालं. व्हॉट्सॲपवर आलं, महिला मंडळानं हार घातला. त्या संध्याकाळी ह्यांनी मला गजरा आणला. मी तो माळला. हे म्हणाले, "मला वाटलं न्हवतं तू असं करशील." मला खूश व्हायला एवढं पुरेसं होतं. पण आक्कांनी ते होऊ दिलं नाही. जो येईल त्याला त्या सांगायच्या, "आमच्या धाकटीचं मन लई मोठं. मला सुचलं न्हाई ते तिला सुचलं." हे त्या टोचून बोलायच्या की मनापासून, मी पुष्कळ कान देऊन ऐकलं. मनापासून बोलायच्या. यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी कुणाचं काही ठेवून घेतलं नाही. फळीवर जे होतं ते ज्याचं त्याला पोचवलं. पैसे नसलेला पाहुणा आला की म्हणायच्या, "जमलं तर द्या." आश्चर्य म्हणजे बरेच जण द्यायचे.

यात्रांचा हंगाम आला तशी त्या बाईनं माझे सगळे पैसे फेडले आणि तिच्या गावच्या यात्रेचं आम्हा दोघींना आमंत्रण दिलं. आम्ही एसटीनं पिंपरी पेंढारला गेलो. घाटावर ही गर्दी. मला मांडवात खुर्ची दिली. गावाच्या वतीनं साडी आणि नारळ देऊन मान केला, माइकवर माझ्याबद्दल चार शब्द बोलले. आक्कांना मांडवात बोलावलं तर त्या आल्या नाहीत. खाली घाटाच्या कडेनं बांधलेल्या दोराला धरून उभ्या होत्या, उन्हात.

घोडी पळाली. काय पळाली. मला घोड्यातलं काही कळत नाही, पण तिच्या मागून बैल येताना बघून मी खुर्चीच्या कडेला सरकले. बारी झाली, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि त्या बाईचा भाऊ घोडी चालवत दोराच्या कडेकडेनं परत यायला लागला. आक्कांच्या पुढ्यातूनच येणार होता. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

आक्कांनी कनवटीचा गुळाचा खडा काढला, तळहातावर धरून हात दोराच्या वरून पुढे केला. "ये बाय," म्हणाल्या. मला तिथपर्यंत ऐकू आलं.

घोडीचा कानसुद्धा हलला नाही. ती आक्कांच्या हाताला घासून पुढे गेली. पुढे जाऊन थांबली, मान मागे वळवली आणि पाठीवर बसलेल्या त्या पोरगेल्या भावाच्या गुडघ्याला नाक घासलं. तो हसला, तिच्या मानेवर थोपटलं आणि दोघं गर्दीत गेले.

आक्कांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, आणि गूळ स्वतःच्या तोंडात टाकला.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. गाडी नाशिक रस्त्याला लागली तशा रडायला लागल्या. लपवलं नाही, पदर तोंडावर घेतला नाही. कंडक्टर तिकिटाला आला, त्याच्याकडेही तशाच बघत रडत राहिल्या. तो पैसे न मागताच पुढे गेला, नंतर मी दिले.

"इसरली," आक्का म्हणाल्या. "बरं झालं. जनावराला घोर नगं."

आता मला बरं वाटेल, म्हणून मी वाट बघत होते. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली तेच तर झालं होतं. आक्कांनी हात पुढे केला आणि कुणीतरी तो ओलांडून गेलं. माझ्या मांडीवर मानाची साडी होती, नारळ होता. घरी गेल्यावर हे दारात उभे असणार होते. मी आत खूप शोधलं, पण बरं वाटणं काही सापडलं नाही.

मी आठवून बघत होते, की माझ्या हातातून असं काय गेलं, की ज्याच्यासाठी मी भरल्या एसटीत, लोकांच्या देखत, अशी रडले असते. मंचर येईपर्यंत आठवत होते. आक्का माझ्या शेजारी नाक ओढत, डोळे पुसत, पुन्हा रडत होत्या. मला त्यांच्या पाहुण्यांचा हेवा वाटला होता, चहाचा, घोडीचा, आमच्या ह्यांचा. त्या दिवशी मला त्यांच्या रडण्याचा हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही.